कामाच्या पत्त्यावरचे दोन शिक्के: ‘फायरफ्लाय’ बोर्ड गेम, कोकणातल्या पावसाळ्यात खेळणाऱ्यांसाठी

‘फायरफ्लाय’ या बोर्ड गेममध्ये कामाचा पत्ता, म्हणजे कार्ड, हातात आला की त्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक, काम कायदेशीर की बेकायदा. दोन, त्यावर ‘इम्मॉरल’, म्हणजे अनैतिक, असा वेगळा शिक्का आहे का. बेकायदा काम पुष्कळदा या शिक्क्याविना येतं. म्हणजे सापडलात तर दंड आहे, पण जहाजावरच्या भल्या माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवले आणि दुसऱ्यालाही रोख किंमत लावली, म्हणून ‘फायरफ्लाय: द गेम’ हा त्याच नावाच्या टीव्ही मालिकेचा नुसता फोटो-अल्बम झाला नाही. तो जिथे घसरतो, तिथलं कारणही याच जागी सापडतं: गुन्हेगाराला त्याने मन दिलं, पोलिसाला दिलं नाही.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. ‘फायरफ्लाय’ २००२ साली अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर आली. चौदा भाग तयार झाले, त्यातले अकरा दाखवले गेले, तेही उलटसुलट क्रमाने. पहिला म्हणून बनवलेला भाग वाहिनीने सगळ्यात शेवटी दाखवला आणि गाशा गुंडाळला. २००५ साली ‘सेरेनिटी’ या चित्रपटाने उरलेले धागे गुंडाळले. काळ २५१७ सालचा. अलायन्स नावाच्या सरकारविरुद्ध युद्ध हरलेला माल्कम रेनॉल्ड्स एक जुनं मालवाहू जहाज घेतो आणि मिळेल ते काम करतो, मग ते तस्करीचं असो, चोरीचं असो वा गुरं वाहून न्यायचं. गेल फोर्स नाइन कंपनीने २०१३ मध्ये यावर बोर्ड गेम काढला. एक ते चार जण खेळू शकतात. खोक्यावर दोन तास लिहिलेत, ते विसरा. चार नवे खेळाडू असतील तर जेवणं आटोपून बसा आणि पहिल्या डावाला चार तास धरा.

कोकणात या खेळाचा हंगाम ठरलेलाच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, बाहेर पागोळ्या आणि आत गजाली. शिकवताना इंग्रजी शब्द धरून बसू नका. कॅप्टन म्हणजे तांडेल, क्रू म्हणजे खलाशी, ‘कट’ म्हणजे वाटा. एवढं सांगितलं की हर्णै-मालवणच्या माणसाला निम्मे नियम पुस्तक न उघडता कळतात. होडीवरच्या मासळीचे वाटे कसे पडतात आणि वाटा चुकला तर दुसऱ्या दिवशी खलाशी कुणाच्या होडीवर दिसतो, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. खेळाचा गाभा तोच आहे.

मांडणी अशी. प्रत्येकाला एक फायरफ्लाय जहाज, एक कॅप्टन, रोख ३०००, सहा इंधन आणि दोन सुटे भाग. पाच दलालांच्या गठ्ठ्यांतून एकेक काम उचलायचं आणि त्यातली जास्तीत जास्त तीन ठेवायची. पाच बाजारांच्या गठ्ठ्यांतले वरचे तीन-तीन पत्ते उलटून उघडे मांडायचे. ही शेवटची पायरी घाईत राहून जाते. मग पहिली पाच-सहा वळणं खरेदीला काही धड मिळत नाही आणि खेळ रेंगाळतो, असा आळ उगाच येतो. पत्ते उलटल्यावर सगळ्यांनी दोन मिनिटं ते नीट वाचावेत. कुणाला कुठे कोणता खलाशी मिळेल, हे त्यातूनच ठरतं.

आपल्या वळणात चारपैकी दोन वेगवेगळ्या गोष्टी करायच्या: उडणं, खरेदी, दलालाकडून काम घेणं, काम करणं. उडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक घर सावकाश सरकायचं, इंधन नाही आणि धोकाही नाही. किंवा एक इंधन जाळून इंजिनाच्या पल्ल्याइतकी, म्हणजे साध्या इंजिनाला पाच घरं जायचं, पण प्रत्येक घरासाठी प्रवासाचा एक पत्ता उलटायचा. या पत्त्यांचे दोन गठ्ठे आहेत, अलायन्सच्या हद्दीतला आणि सीमेवरचा, प्रत्येकी ४० पत्त्यांचा. बरेच पत्ते ‘काही नाही, पुढे चला’ असेच निघतात. नव्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. पण पाचवा पत्ता उलटताना हात थबकतो, तो या रिकाम्या पत्त्यांमुळेच.

आता वाट्याचा हिशेब. खलाशी ठेवताना जितके पैसे दिले, तितकाच त्याचा प्रत्येक कामाचा वाटा. समजा तीन खलाशी आहेत, वाटे २००, २०० आणि ३००. काम पुरं झालं की ७०० गेले. द्यायलाच पाहिजेत असं नाही. नाही दिले तर ज्याला मिळाले नाहीत त्याच्या पत्त्यावर ‘डिसग्रंटल्ड’ची, म्हणजे नाराजीची टिकली बसते. ‘इम्मॉरल’ शिक्क्याचं काम केलं तर ज्या खलाशांच्या पत्त्यावर ‘मॉरल’ लिहिलंय त्यांच्यावरही तीच टिकली, वाटा पूर्ण मिळाला असला तरी. दुसरी टिकली बसली की खलाशी जहाज सोडतो. त्याहून वाईट म्हणजे, एक टिकली असतानाच दुसरा खेळाडू त्याच घरात आला, तर नेहमीची रक्कम भरून त्याला उचलून नेऊ शकतो, आणि तिकडे गेल्यावर त्याची नाराजीही पुसली जाते.

नैतिकतेवर गुण देणारे खेळ बरेच आहेत, आणि त्यांत खेळाडू गुणांचीच बेरीज करत बसतो. इथे गुण नाहीत. इथे चांगुलपणा हा मजुरीचा खर्च आहे. धर्मोपदेशक शेफर्ड बुक किंवा डॉक्टर सायमन जहाजावर असेल तर ठरावीक कामं महाग पडतात. त्यांच्याऐवजी जेन कॉबसारखा, ज्याला कशाचंच वावडं नाही असा माणूस घेतला तर स्वस्त. म्हणून हळूहळू दोन तऱ्हेची जहाजं तयार होतात. एकावर कुशल, भली, पण चटकन दुखावणारी माणसं. दुसऱ्यावर बिनतक्रार काम उरकणारे, पण वाटा दोनदा चुकला तर न थांबणारे. कोणती वाट धरायची हे पहिल्या तासातच ठरवा. नवे खेळाडू हटकून दोन्हींची भेसळ करतात. मग दर दोन कामांमागे बाजारात थांबून ‘शोअर लीव्ह’, म्हणजे खलाशांची सुट्टी, घ्यावी लागते, माणशी १०० देऊन. सगळ्यांची नाराजी एका फटक्यात जाते हे खरं, पण खरेदीची एक कृती त्यातच खपते, आणि वळणात कृती दोनच. सहा माणसांच्या जहाजाला हे परवडत नाही.

मालिका पाहिलेल्याला इथे ‘एरियल’ हा भाग आठवेल. बक्षिसाच्या पैशासाठी जेन सायमन आणि रिव्हर या भावा-बहिणीला पकडून देतो आणि माल्कम त्याला जहाजाच्या उघड्या दारात उभा करतो. तो प्रसंग पत्त्यांत जसाच्या तसा नाही. पण वाटा, नाराजी आणि पळवापळवी मिळून तसे प्रसंग टेबलावर आपोआप घडतात, आणि तेही कुठला उतारा वाचून न दाखवता.

बेकायदा कामात बहुधा ‘मिसबिहेव’चे पत्ते येतात. एक, दोन किंवा तीन, हे कामाच्या पत्त्यावर लिहिलेलं असतं. प्रत्येक पत्त्यावर पर्याय असतात: मारामारी, तंत्रज्ञान किंवा बोलाचाली यांपैकी एका कौशल्याची फाशावर परीक्षा द्यायची, किंवा ठरलेली वस्तू वा ठरलेला माणूस असेल तर थेट पार. खोटं ओळखपत्र आणि भारी कपडे या दोन वस्तू दिसल्या की घ्याव्यात. दिखाऊ बंदुकीपेक्षा त्याच जास्त वेळा दार उघडून देतात. फाशावर सहाच्या जागी फायरफ्लायचं चिन्ह आहे. ते पडलं की पुन्हा टाकायचा आणि बेरीज करायची.

हुकल्याचे दोन प्रकार नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. ‘बॉच्ड’ म्हणजे प्रयत्न फसला. ती कृती वाया गेली, पण काम अजून तुमचंच, पुन्हा करता येतं. ‘वॉरंट इश्यूड’ म्हणजे काम गेलं, वॉरंटची टिकली आली आणि ज्या दलालाचं काम होतं त्याच्याशी जुळलेले संबंधही तुटले. एखाद्याचं काम नीट पुरं केलं की तुम्ही त्याच्याकडे ‘सॉलिड’ होता, भरवशाचे ठरता, आणि मगच तो तुमच्याकडचा माल विकत घेतो. एक वॉरंट म्हणजे गिऱ्हाईकही गेलं. निस्का या दलालाच्या कामात तर वॉरंट निघालं की आपला एक खलाशी मरतो. मालिकेत निस्का कोण ते माहीत असेल तर हा नियम वाचूनच अंगावर काटा येतो. माहीत नसेल तर ‘वॉर स्टोरीज’ हा भाग आधी पाहू नका, डाव झाल्यावर पाहा.

आता पोलीस. पटावर अलायन्सची एक मोठी क्रूझर फिरते. ती तुमच्या घरात आली आणि तुमच्याकडे वॉरंट, तस्करीचा माल, फरारी प्रवासी किंवा ‘वाँटेड’ खलाशी असेल तर गाठ पडते. दर वॉरंटमागे १००० दंड. वाँटेड माणसामागे फासा टाकायचा, १ पडला तर त्याला घेऊन गेले. नियम सुटसुटीत, हिशेब चोख. आणि नेमका इथेच खेळ मालिकेला कमी पडतो.

मालिकेतले कायद्याचे लोक इतके सरळ कधीच नव्हते. ‘द ट्रेन जॉब’ या भागात माल्कम गाडीतून माल चोरतो आणि मग त्याला कळतं की ती आजारी खाणगावाची औषधं आहेत. तो माल परत करतो आणि गावचा शेरीफ बॉर्न त्याला सोडतो. गुन्हा झालाय हे शेरीफला माहीत आहे. तरीही तो आधी गावाकडे बघतो. ‘बुशव्हॅक्ड’मध्ये क्रूझरचा कमांडर हार्कन माल्कमला गुन्हेगार समजून धरतो, माल्कम त्याचाच जीव वाचवतो, आणि हार्कन माल जप्त करून माणसं सोडतो. उपकार फेडला, पण नियमातली जप्ती सोडली नाही. याच्या उलट ‘द मेसेज’मधला वोमॅक. गणवेश सरकारी, धंदा चोरट्या अवयवांचा, आणि हद्दीबाहेर आल्याचं उघडं पडताच माघार. तीन अधिकारी, तीन वेगळे निर्णय. खेळात हार्कन आहे, पण क्रूझरवर बसून काम देणारा एक दलाल म्हणून. वोमॅक कप्तानांच्या पत्त्यांत आहे, म्हणजे त्याला घेऊन तुम्ही तस्करी करू शकता. एवढाच काय तो टोमणा. क्रूझर स्वतः मात्र काहीच ठरवत नाही. प्लास्टिकचा तुकडा येतो, पावती फाडतो, जातो.

कोकणच्या किनाऱ्यावर हे जास्त खटकतं. इथे चाचा कोण आणि दर्याचा राखणदार कोण, हा प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल. त्यांचा दस्तक घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून जहाज नेणं धोक्याचं. मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत तोच माणूस चाचा. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागला कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. दस्तक हा परवाना की खंडणी, हे कोण विचारतोय त्यावर ठरायचं. अशा मुलखात बसून खेळताना कायदा म्हणजे फक्त १००० चा दंड, हे फार पातळ वाटतं.

यावर दोन घरगुती नियम सुचवतो. पुस्तकातले नाहीत, तेव्हा डाव सुरू होण्याआधीच ठरवा.

पहिला, माल परत करण्याचा. शिक्क्याच्या कामाचा माल उचलला आहे पण पोचवलेला नाही, अशा वेळी उचलल्या जागी परत जायचं, एक ‘काम’ कृती खर्चायची आणि माल ठेवून पत्ता टाकून द्यायचा. पैसे शून्य. त्या दलालाशी सॉलिड असाल तर ते गेलं. बदल्यात प्रत्येक भल्या खलाशाची एक जुनी टिकली निघते. काम निस्काचं असेल तर त्या डावात त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. हा नियम एका डावात माणशी एकदाच. मर्यादा नसेल तर लोक त्याची फुकटची शोअर लीव्ह करतात.

दुसरा, अधिकाऱ्याचा. क्रूझर सरकवण्याचे काही पत्ते निघाले की ती उजवीकडचा खेळाडूच सरकवतो, तेव्हा गाठ पडली की तोच अधिकारी. त्याने पुस्तकाप्रमाणे पूर्ण कारवाई करावी, किंवा अर्धा दंड घेऊन माल सोडावा आणि स्वतःकडे उपकाराची एक चिठ्ठी ठेवावी. पुढे क्रूझर त्याच्यावर आली तर चिठ्ठी दाखवून त्याचा दंडही अर्धा. माणशी एकच चिठ्ठी. दोघेच खेळत असाल तर हा नियम वापरू नका. दोन वळणांत दोघेही एकमेकांचे मिंधे होतात आणि वॉरंटला कुणी विचारत नाही.

बाकी तक्रारी नेहमीच्या आहेत. दुसऱ्याच्या वळणात करायला फारसं काही नसतं, म्हणून तीन जणांचा डाव चारांपेक्षा सरस. पट मोठा, त्यात प्रत्येकाचं जहाजाचं कार्ड आणि तेरा गठ्ठे, त्यामुळे सहा माणसांचं जेवणाचं टेबल पुरतं भरतं. जमिनीवर चटई टाकून खेळू नका, दोन तासांनी पत्ते वाचायला वाकवत नाही. मजकूर सगळा इंग्रजी आणि तोही गावठी वळणाचा, अधूनमधून चिनी शब्द. इंग्रजी रोजच्या वापरात नसलेल्यासाठी नेहमीच्या शब्दांचा एक मराठी तक्ता लिहून समोर ठेवा. पहिला डाव नवख्या कप्तानासाठी दिलेल्या सोप्या कथापत्त्यावरच, म्हणजे डाव जिंकायची अट सांगणाऱ्या पत्त्यावरच, खेळा.

चित्रं मालिकेतल्या फोटोंची आहेत, ठीकठाक. कागदी नोटा मात्र सुरेख, आणि पडवीत खेळणाऱ्याची पहिली अडचण याच नोटा. खाडीवरून वारा आला की त्या अंगणात जातात. कपडे वाळत घालायचे चिमटे पुरतात. किंवा नोटा आत ठेवून वहीवर हिशेब लिहा, वेळही वाचतो.

खरा शत्रू दमट हवा. जुलैत उघडं ठेवलेलं खोकं आठवड्यात पत्त्यांना बाक आणतं. जाड पुठ्ठ्याच्या टिकल्या कडेने सुटायला लागतात, आणि ऑगस्टपर्यंत पांढरी बुरशी दिसते. पत्ते तीनशेहून जास्त. एका पत्त्याचं माप घेऊन मगच स्लीव्ह, म्हणजे पत्त्यांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं, मागवा आणि पातळच घ्या. जाड स्लीव्हमध्ये ४० पत्त्यांचा गठ्ठा इतका फुगतो की खोक्यातल्या खाचेत बसत नाही. खोकं झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या महिन्या-दीड महिन्याने बदला किंवा कोरड्या भाजून घ्या. तांदूळ टाकू नका, त्याची पूड पत्त्यांना लागते. बाक आलेले पत्ते उन्हात वाळवू नका, ते उलट्या बाजूने वाकतात. दोन जाड वह्यांमध्ये दाबून पंख्याखाली दोन दिवस ठेवले की बरेच सरळ होतात. टेबलावर सोलकढी नको, मालवणी खाजंही नको. गुळाचा हात गठ्ठ्याला लागला की वरून एकाऐवजी दोन पत्ते निघतात, आणि प्रवासाच्या गठ्ठ्यात त्याचा अर्थ फार मोठा होतो. शेंगदाणे चालतील.

जोडखोक्यांपैकी ‘पायरेट्स अँड बाउंटी हंटर्स’ आधी घ्या. वाँटेड खलाशांवर इनामं लागतात, एकमेकांची जहाजं लुटता येतात, आणि दुसऱ्याच्या वळणात लक्ष घालायला कारण मिळतं. सोबतच्या माणसाला इनामासाठी पकडून देण्याचा मोह इथे पहिल्यांदा खरा होतो. ‘ब्लू सन’ने नकाशा आणखी रुंद होतो आणि रीव्हरांची, म्हणजे सीमेवरच्या क्रूर लुटारूंची, जहाजं वाढतात. टेबल लहान असेल तर थांबा.

हा खेळ परदेशातून येतो. भाव दर खेपेला वेगळा असतो, त्यामुळे जुनं खोकं घेण्याकडे कल असतो. त्यात काही वावगं नाही, पण मोजून घ्या. प्रवासाचे दोन गठ्ठे प्रत्येकी ४०, मिसबिहेव ४०. अलायन्सच्या गठ्ठ्यात क्रूझरचा पत्ता आहे का आणि सीमेच्या गठ्ठ्यात रीव्हरांचा आहे का, ते हाताने शोधून बघा. क्रूझरचा पत्ता निघाला की ती थेट तुमच्या घरात येते आणि सगळा गठ्ठा पुन्हा पिसायचा असतो. तो एक पत्ता हरवलेला असेल तर अख्खा डाव पोलीस फक्त घराघराने सरकत राहतात, तस्करी बिनघोर चालते, आणि टेबलावरच्या कुणालाच काही चुकतंय असं वाटत नाही.